चू. भू. द्या. घ्या.

गुरुवारचा शेवटचा तास. बाहेर इतकी धूळ
की मनामाच्या इमारती कुणी खोडरबरानं
अर्ध्या पुसून सोडून दिल्यात.
आठवी ब-ला विचारते, "कम्प्युटर सुरू कुठून झाला?"
"बटणापासून, मिस," ओजस म्हणतो. वर्ग हसतो.
मीही. उत्तर अगदीच चूक नाही.

मग पर्समधून काढते एक पुठ्ठ्याचं कार्ड,
चहाच्या रंगाचं, एक कोपरा तिरका छाटलेलं.
ऐंशी रकाने, बारा ओळी, मधेमधे चौकोनी भोकं.
माझ्या बाबांचं.
इथल्याच एका तेल कंपनीच्या गार खोलीत
(गारवा यंत्रासाठी होता, माणसांना तो फुकटात मिळे)
दिवसभर ते भोकं पाडत.
रेवदंड्यात बायका विचारत, काय करतात हो तुमचे हे?
आई सांगे, कारकून आहेत.
भोकं पाडायला पगार देतात
हे कुणाला खरं वाटलं असतं?

लॅब सांभाळणारे बू राशिद दाराशी उभं राहून ऐकत होते.
रविवारी आले ते फडक्यात काहीतरी गुंडाळून.
पितळी चाळण्या, एकात एक बसणाऱ्या,
त्यांच्या खापरपणजोबांच्या. मोत्यांचे व्यापारी.
थोरल्या भोकांच्या चाळणीत अडेल तो राजा,
गळेल तो खालच्या चाळणीत, तिथूनही गळेल तो आणखी खाली.
"मिस, हे तर सॉर्टिंग!" लवीना बाकावरून अर्धी उठली.
आठवडाभर मी फळ्यावर बाण काढत होते,
आणि ते मुहर्रकच्या एका फडताळात काळं पडत होतं.

"आणि मोती वर आणणारा?" कुणीतरी मागून.
बू राशिद चाळणी दिव्यासमोर धरतात.
"तो? तो सगळ्या भोकांतून गळाला," म्हणतात,
आणि फडकं नीट घडी घालू लागतात.

मग आम्ही कार्ड वाचायला घेतलं.
तक्ता फळ्यावर, कार्ड ट्यूबलाइटसमोर, दोघादोघांनी एक रकाना.
वर एक भोक, खाली एक: अक्षर.
खाली एकटंच: अंक.
के. यू. एन. एच.
श्रीनंद थांबला. "कुन्हंबू," म्हणाला हळूच,
"आमच्याकडचं नाव आहे, मिस. कण्णूरकडचं."
पुढे जादा कामाचे तास. शून्य, दोन, सहा.
आणि कडेला पेन्सिलीनं, बारीक,
बाबांच्या वळणदार देवनागरीत: ६२.

वजाबाकी करायला आठवीला कम्प्युटर लागत नाही.
"छत्तीस तास कमी लागले, मिस."
"मग त्याचे पैसे?"
मी सांगितलं: चूक सापडली की कार्ड बाद करतात,
दुसरं पाडतात. बाद झालं म्हणून तर हे घरी आलं.
"नक्की?" लवीना.
घंटा झाली. घंटेचे असे उपकार
शिक्षकांवर फार असतात.

रात्री गुदैबियाच्या फ्लॅटमध्ये एसीची घरघर,
खिडकीच्या फटीतून आलेली धूळ ओट्यावर.
बाबांची पत्रं काढून बसले.
आईला लिहिलेली, पण शेवट प्रत्येकाचा हिशेबासारखा:
चू. भू. द्या. घ्या.
आई चिडायची, बायकोला कुणी असं लिहितं का.
एकाही पत्रात कुन्हंबू नाही.
पेन्सिल त्यांनी केव्हा चालवली, त्याच दिवशी,
की पगार वाटून झाल्यावर, की वर्षांनंतर,
हे कुठल्याच रकान्यात नाही.
विचारावं तर बाबाही नाहीत.

टाचणवही पुरी करायची आहे.
उद्दिष्ट: भोक म्हणजे आहे, कोरं म्हणजे नाही,
हे विद्यार्थ्यांना समजेल.
साध्य: झाले.
शेरा:
इथे बराच वेळ पेन टेकवून बसले,
शाईचा ठिपका कागदातून पलीकडे उतरेपर्यंत,
मग लिहिलं,
छत्तीस तास बाकी.